सोबतीला आलेला

मी विमानातली नर्स. परमुलखातल्या तळावर जाऊन आजारी जवान उचलायचे आणि मोठ्या दवाखान्याच्या गावी आणून सोडायचे, हे माझं काम. ज्यांना गोळी लागलीय त्यांच्यासाठी सगळे धावतात. पायलटसुद्धा खाली उतरून हात लावतो. 'डोक्याची केस' मात्र सगळ्यांत शेवटी चढवतात, आणि ती कायम माझ्याच गळ्यात.

डोक्याच्या केसचा नियम असा. पट्टा, बुटांच्या नाड्या, ब्लेड, काडेपेटी, सगळं काढून एका कापडी पिशवीत घालायचं. पेशंटला स्ट्रेचरवर हलकं बांधायचं. आणि त्याच्याच तुकडीतला एक माणूस बरोबर द्यायचा, म्हणजे ओळखीचा चेहरा दिसला की पेशंट बिथरत नाही. त्याला आम्ही सोबती म्हणतो. सोबत्याने पेशंटला दवाखान्याच्या गाडीपर्यंत पोचवायचं आणि तेल भरून झालं की त्याच विमानाने परत तळावर जायचं. मध्ये चहा मिळाला तर त्याचं नशीब.

त्या दुपारी माझा गुडघा ठणकत होता, जेवण झालं नव्हतं आणि डोकं आधीच तापलेलं होतं. पेशंट म्हणून आला तो पोपट. साहेब लोकांच्या हुबेहूब नकला करायचा म्हणून त्याला सगळे पोपट म्हणायचे. त्याला काही दिवसांपासून कानात आवाज ऐकू येतात, असं तळावरच्या डॉक्टरने सांगितलं होतं. सोबतीला काका. वयाने फार नव्हता, माझ्या धाकट्या भावाएवढा असेल, पण कानशिलं पांढरी झालेली. तुकडीत कुणाला ताप आला, कुणाचं घरी भांडण झालं, की सगळे त्याच्याकडे जायचे. म्हणून काका.

मी पोपटाला म्हटलं, "बूट." तो हलायच्या आत काकाच खाली बसला. झटपट नाड्या ओढून काढल्या, दोन बोटांना गुंडाळून व्यवस्थित वेटोळं केलं आणि माझ्या पिशवीत टाकलं.

"वा! असा सोबती जन्मात पहिल्यांदा भेटला," मी म्हटलं.

"सवय आहे, सिस्टर. कुणाला ताप आला की बूट मीच काढतो," तो म्हणाला आणि हसला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आज तरी एक शहाणा माणूस बरोबर आहे.

विमान वर गेलं की आत इतका घरघराट होतो की कानात ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. पोपटाला मी झोपेची गोळी दिली. त्याने ती जिभेखाली दडवली. मी ही नोकरी काय काल धरली?

"गिळ, गधड्या! मला छळायला जन्माला आलात तुम्ही सगळे?"

त्याने माझी कॉलर धरून मला खाली ओढलं. "ताई, मी झोपलो तर त्याच्याकडे कोण बघणार?"

"कुणाकडे?"

"काकाकडे. आजारी तो आहे. मला कसले आवाज न् काय! डॉक्टरसमोर नक्कल केली मी. पहाऱ्यावर असताना काका बंदुकीची नळी हनुवटीखाली धरून बसला होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मला म्हणाला, कुणाला बोलू नकोस. मी साहेबांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, काका? अरे, तोच तर तुम्हा सगळ्यांना सांभाळतो. मग म्हटलं, आपणच वेडं व्हावं. सोबतीला त्याच्याशिवाय कुणाला पाठवणार होते? आता आणला की नाही बाहेर? आता त्याला तिकडे ठेवून घेतील ना, ताई?"

त्यांच्या तुकडीतून आधी कुणी असं गेलंच नव्हतं. सोबती त्याच विमानाने परत जातो, हे या दीडशहाण्याला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याचं तोंड असं झालं की मला बघवेना.

खरं सांगायचं तर माझा लगेच विश्वास बसला नाही. आपण बरे आणि बाकीचे आजारी, हे डोक्याच्या केसच्या तोंडून मी हजारदा ऐकलंय. पण मी काकाकडे नीट बघायला लागले. शेजारी रिकामी सीट होती, तरी तो चढल्यापासून उभाच होता. त्याला दिलेला बिस्किटांचा पुडा न उघडता पोपटाच्या उशाशी ठेवलेला. आणि पोपटाच्या मनगटावर दोन घड्याळं.

"हे दुसरं कुणाचं?" मी काकाच्या कानात ओरडले.

"माझं होतं. त्याला फार आवडायचं."

"आणि ही एवढी मोठी बॅग?"

"दवाखान्यात ठेवतो. बहिणीला कळवलंय, ती घेऊन जाईल."

"मग परत जाताना तुमच्याकडे काय राहणार?"

"परत जाताना काय लागतं, सिस्टर?"

हे तो अगदी साधेपणाने बोलला. पुढचा सगळा प्रवास मी त्याच्या बाजूला उभी राहिले, गुडघा गेला खड्ड्यात.

उतरल्यावर गाडीपाशी डॉक्टर उभी होती. तरुण पोर, डोळे सुजलेले, सकाळपासून बहुतेक पाणीही प्यायली नसावी. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"तो पेशंट म्हणून आलेला नाही. त्याच्या साहेबांनी पाठवायला हवा, नाहीतर त्याने स्वतः तोंड उघडायला हवं. मी उगाच अडवलं आणि विमान निघून गेलं, तर तिकडे त्याला पळपुटा ठरवतील. विचारून बघते."

तिने विचारलं. झोप लागते का? "व्यवस्थित, मॅडम." जेवण जातं का? "व्यवस्थित." नको ते विचार मनात येतात का? "नाही, मॅडम. सगळं व्यवस्थित आहे." पाठ ताठ, हनुवटी वर. डॉक्टरने माझ्याकडे बघून हात टेकले.

तिकडे तेलाचा पाइप काढून गुंडाळत होते. पायलटने लवकर या म्हणून हात केला. स्ट्रेचरवरून पोपट ओरडायला लागला, "काका, हलकटा, बोल की! बोल ना रे!" काकाने जवळ जाऊन त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "नीट राहा. जेवत जा," म्हणाला आणि विमानाकडे वळला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या हसणाऱ्या साहेबावर गेली, नियमावर गेली, आणि सगळ्यांत जास्त त्या 'व्यवस्थित' शब्दावर गेली. मी लंगडत पुढे गेले आणि त्याच्या वाटेत उभी राहिले. कसं वाटतंय, बरं आहे का, असलं काही विचारलं नाही. ते विचारून झालं होतं. कमरेची दुसरी कापडी पिशवी काढली आणि त्याच्यासमोर उघडी धरली.

"नाड्या काढ," मी म्हटलं. सगळ्या पेशंटना म्हणते तशीच, त्याच कंटाळलेल्या आवाजात. "आणि पट्टा."

मला वाटलं, तो आता सलाम ठोकेल आणि बाजूने निघून जाईल. मग मी काय करणार होते? त्याचे पाय धरणार होते?

तो खाली बसला. ज्या हातांनी पोपटाच्या नाड्या चुटकीसरशी काढल्या होत्या, त्या हातांना स्वतःच्या बुटाची गाठ सुटेना. मीही खाली बसले, गुडघा कटकन वाजला, आणि त्याच्या दुसऱ्या बुटाची गाठ मी सोडवली. त्याने दोन्ही नाड्या गोळा केल्या, वेटोळं काही जमलं नाही, तशाच पिशवीत टाकल्या. मग पट्टा काढून दिला.

डॉक्टर मागे येऊन उभी होती. "एवढं मला पुरे आहे," ती हळूच म्हणाली, आणि एक माणूस कमी येतोय असं सांगायला स्वतः पायलटकडे पळत गेली.

काका अजून तसाच उकिडवा होता. मान वर न करता त्याने विचारलं, "सिस्टर, आता जरा आडवा झालो तर चालेल का?"

मला रडू आलं. एवढ्या वर्षांत मी धावपट्टीवर कधी रडले नव्हते.

"चालेल रे," मी म्हटलं.

मागे वळून बघते तो पोपट पट्ट्या सोडून कधीच खाली उतरला होता. एका हाताने पँट धरून, बिननाडीचे बूट फटक फटक वाजवत, तो स्ट्रेचरवरची चादर सारखी करत होता.