चालवायची असते, उचलायची नसते

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. डोंगर चढणारी सायकल म्हणून मला विकलं गेलं, पण डोंगराचा माथा मी पाहिला तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, वाळत घातलेल्या चादरींच्या फटीतून. माझी कहाणी गोड नाही. ज्यांना गोडच हवी असेल त्यांनी माझ्या घंटीला विचारावं, ती बिचारी लवकर सुटली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड लोखंडी नळ्या जोडून माझा सांगाडा केला. पुढे दोन स्प्रिंगा बसवल्या, सीटखाली आणखी एक दांडगी स्प्रिंग लावली. डिस्क ब्रेक, गिअर, रुंद टायर आणि अंगभर लाल-काळा चकचकीत रंग. यातलं निम्मं कामाचं नव्हतं, दाखवायचं होतं. बेताच्या किमतीत एवढा साज चढवायचा तर प्रत्येक वस्तू स्वस्त आणि जड घ्यावी लागते, हे मला घडवणाऱ्यांना ठाऊक होतं. बडा घर पोकळ वासा म्हणतात. माझे वासे आणखी थोडे पोकळ असते तर फार बरं झालं असतं.

दुकानात माझ्या शेजारी एक करड्या रंगाची सायकल उभी होती. अल्युमिनिअमची, साधी, सुटसुटीत. स्प्रिंग नाही, नक्षी नाही, चाकंही माझ्यापेक्षा लहान. मी तिच्याकडे बघून नाक मुरडत असे. किंमत मात्र आम्हा दोघींची सारखीच होती, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

एके दिवशी एक बाबा आपल्या लेकीला घेऊन आले. लेक नऊ वर्षांची, अंगानं काडी. घरात तिला टिकली म्हणत. तिच्या घरामागे एक टेकडी होती आणि टेकडीवर पाण्याची टाकी. गल्लीतल्या मुली रोज संध्याकाळी सायकलवरून त्या टाकीपर्यंत जायच्या आणि ओरडत खाली यायच्या. टिकली आजवर त्यांच्यामागून धावत जायची. ती अर्ध्या वाटेत पोचेपर्यंत मुली परत फिरलेल्या असायच्या. तिला एकदा त्यांच्याबरोबर टाकीपर्यंत पोचायचं होतं. एवढंच.

बाबा लोखंडी कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. सारा जन्म कपाटांत गेलेला माणूस. जड ते टिकाऊ, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी आधी करड्या सायकलीच्या नळीवर बोटांची गाठ ठोकली. टिंग. मग माझ्यावर ठोकली. ठण्ण! बाबांचा चेहरा खुलला.

"याला म्हणतात माल!" ते म्हणाले.

तोवर टिकलीनं तिकडे त्या करड्या सायकलीला दोन्ही हातांनी धरून चक्क जमिनीवरून उचललं होतं. "बाबा, बघा ना! मला उचलता येते!"

"अगं वेडे, सायकल चालवायची असते, उचलायची नसते."

दुकानदार मोठ्यानं हसला. खरं काय ते त्याला कळत होतं, पण गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं खड्ड्याकडे निघालं की दुकानदार वाटेतले दगड बाजूला करतो. "साहेब, मुलांची उंची काय, बघता बघता वाढते. मोठ्या चाकांची घ्या, दहावीपर्यंत बघायला नको," तो म्हणाला. टिकलीला माझ्या सीटवर बसवलं तेव्हा तिच्या बुटांची टोकंसुद्धा जमिनीला लागत नव्हती. बाबा म्हणाले, "पोचतील हळूहळू." ती करड्या सायकलीकडे वळून वळून बघत होती. पण बाबा इतके खूश होते की तिनंही हसून घेतलं.

घरी आई शिलाई मशीनवर बसली होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तोंडातल्या टाचण्या काढल्या. "अहो, ही घोडी कोणासाठी आणलीत?"

"वाढत्या अंगाची आहे."

"वाढत्या अंगाचं मीही शिवते. पण जादा कापडाची माया शिवणीच्या आत सोडायची असते. फ्रॉक आज अंगाला बसला पाहिजे ना?"

"झालं तुझं सुरू! सायकल म्हणजे काय परकर आहे?" बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

मित्रांनो, नव्याचे नऊ दिवस माझेही आले. शेजारी माझ्या स्प्रिंगा दाबून बघायचे, गिअर फिरवायचे, "व्वा!" म्हणायचे. मी फुगून जायचे. टिकली एका मोठ्या दगडावर चढून माझ्यावर बसायला शिकली, आणि एका संध्याकाळी मुलींबरोबर टेकडीकडे निघाली.

चढ लागला आणि माझं पितळ उघडं पडलं. ती पेडलवर सगळा भार टाकायची आणि त्यातला निम्मा जोर माझ्या स्प्रिंगा गिळून टाकायच्या. मी घोड्यासारखी वरखाली व्हायचे आणि पुढे मात्र सरकायचे नाही. पहिल्या वळणावरच ती उतरली आणि मला ढकलू लागली. तेवढ्यात पोस्टमनची मुलगी सळसळत पुढे गेली. तिच्याखाली तीच करडी सायकल होती. मी नाक मुरडलेली, टिकलीनं उचललेली. मुली थोडा वेळ वर थांबल्या, मग खाली आल्या. "उद्या जाऊ हं टिकले," पोस्टमनची मुलगी म्हणाली. ती चांगली मुलगी होती, पण उद्याही तेच झालं, परवाही तेच.

त्यातच खाली जिन्याजवळ उभी असताना कोणीतरी माझी घंटी काढून नेली. बाबा हादरले. त्या दिवसापासून मला रोज तिसऱ्या मजल्यावर चढवायचं ठरलं. लिफ्ट नव्हती. बाबा मला खांद्यावर टाकायचे, प्रत्येक मजल्यावर थांबून कंबर धरायचे आणि कोणी भेटलं की सांगायचे, "वजन बघा, अस्सल लोखंड आहे!" कामावरून ते परतायचे अंधार पडल्यावर. मुली टेकडीवर जायच्या उन्हं कलताना. म्हणजे ज्या वेळी टिकलीला मी हवी असायची, त्या वेळी मला खाली नेणारं कोणी नसायचं, आणि ज्या वेळी नेणारं असायचं, त्या वेळी खाली कोणी नसायचं. ती गॅलरीत माझ्या हँडलवर हनुवटी टेकून उभी राहायची आणि टाकीजवळचे ठिपके बघायची. आम्ही दोघी मिळून बघायचो.

एके दिवशी उन्हं कलताना आई शिवलेले कपडे द्यायला बाहेर गेली होती. खालून मुलींनी हाक मारली. टिकलीनं मला दाराबाहेर काढलं. एकेक पायरी करत, दात-ओठ खात तिनं मला एक मजला उतरवलंसुद्धा. पोरीच्या जिद्दीला माझा सलाम. पण वळणावर माझं हँडल कठड्यात अडकलं, मागचं चाक उचललं गेलं आणि मी माझ्या सगळ्या अस्सल लोखंडासकट तिच्यावर कोसळले.

नेमके त्या दिवशी बाबा लवकर सुटले होते. आवाज ऐकून ते जिना धावत चढून आले. मी तिच्या अंगावर पडले होते, तेव्हा मला आधी उचलणं भागच होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी मला उचललं, भिंतीला टेकवलं, आणि लेकीकडे वळण्याआधी माझ्या रंगावरून हात फिरवला.

"खरचटली की गं!" ते म्हणाले.

टिकली पायरीवर बसली होती. ओठ फाटला होता, पुढचा दात तुटला होता. ती रडत नव्हती. ती बाबांच्या त्या हाताकडे बघत होती. पुढच्याच क्षणी बाबांना रक्त दिसलं, त्यांनी तिला कडेवर घेतलं आणि चपला जिन्यातच सोडून अनवाणी डॉक्टरांकडे धावले. रात्रभर उशाशी बसले. माणूस वाईट नव्हता हो, जीव होता त्यांचा तिच्यावर. पण तो एक हात फिरायचा तो फिरून गेला होता. मला माझ्या रंगाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्यानंतर टिकलीनं सायकलचं नाव काढलं नाही. तिला वाटत असेल पडण्याची भीती, असं सगळे म्हणाले. बाबा म्हणाले, "थोडी मोठी होऊ दे." ते मला नेमानं तेल द्यायचे, हवा भरायचे, आणि दर वाढदिवसाला तिला माझ्यावर बसवून बघायचे, पाय पोचतात का. आईला फ्रॉकचं माप देताना उभी राहावी तशी ती मुकाट बसायची आणि मुकाट उतरायची. शेवटी एके वर्षी तिची दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकली.

"बघ! म्हटलं नव्हतं? आता कशी तुझ्या मापाची झाली!" बाबांना कोण आनंद झाला.

"हो बाबा," ती म्हणाली आणि केस विंचरायला आत निघून गेली. खालच्या मुलींचा घोळका केव्हाच पांगला होता. करडी सायकल पोस्टमनच्या धाकट्या मुलाकडे गेली होती. ती अजून टाकीपर्यंत जायची.

मग माझ्या हँडलवर कांद्यांची पिशवी आली, सीटवर आईच्या चिंध्यांचं गाठोडं आलं. ज्या स्प्रिंगांवर शेजारी भाळले होते, त्यांच्यात कबुतरांनी काड्या कोंबल्या. गंज चढला. बाबांची कंबर कपाटं उचलून कायमची धरली आणि तेलाचा नेमही सुटला.

परवा आईनं भंगारवाल्याला हाक मारली. मला खाली न्यायचं होतं. बाबा उठले, पण वाकवेना. "थांबा, खालून दोन पोरं बोलावतो," ते म्हणाले.

"कशाला?" टिकली म्हणाली. आता ती बाबांच्या खांद्याला लागते. तिनं ओढणी कमरेला खोचली, मला एका झटक्यात खांद्यावर घेतलं आणि जिना उतरू लागली. मित्रांनो, तिनं मला मनापासून नेलं ते एवढं एकदाच. बाबा कठडा धरून मागून येत होते. ते वळण आलं तसे त्यांच्या तोंडून शब्द निघाले.

"सांभाळून गं बाळा. तुला लागेल."

त्या दिवशी त्या वळणावर हेच शब्द निघायला हवे होते, असं मी इतकी वर्षं मनात धरून होते. वरातीमागून घोडं आलं खरं. टिकली थांबली नाही. कोणी किती वाजले विचारावं इतक्या साध्या आवाजात तिनं विचारलं, "आणि सायकलला खरचटलं तर, बाबा?"

मागची पावलं थांबली. बाबा त्याच पायरीवर बसले. त्यापुढे ते खाली आलेच नाहीत.

भंगारवाल्यानं मला काट्याला लटकवलं आणि काट्याकडे बघून तो हसला. "माल दणकट आहे हो! वजन चांगलं भरलं." माझ्या आयुष्यातलं ते शेवटचं कौतुक. ऐकायला बाबा नव्हते.

आता मी लोखंडाच्या ढिगात पडून आहे आणि उद्या भट्टीत जाईन. तुमच्या घरी कधी सायकल घ्यायचं ठरलं, तर आईबाबांना माझा एवढा निरोप द्या. स्प्रिंगा मोजू नका, ठोकून बघू नका, मूल पुढे केवढं होईल याचा हिशोब करू नका. आज ज्याला चालवायची आहे त्याला बसवून पाय टेकतात का बघा, आणि आधी त्याला ती उचलू द्या. एवढं करूनही कधी सायकल आणि मूल दोन्ही एकदम पडलीच, तर हात आधी कोणावरून फिरवायचा, तेवढं मात्र चुकू नका.