मागच्या सीटवरून टेक ओव्हर

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवूनच माझं आयुष्य गेलं. आता गुडघ्याने दगा दिला. एक तर स्कूल लेकीच्या हाती द्यायचं, नाहीतर कुलूप लावायचं. आणि लेकीवर माझा भरवसा? चहात साखर बेताची घालेल, एवढाच.

त्यातच परदेशातून आलेल्या एक डॉक्टरीणबाई शिकायला लागल्या. त्यांना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं, म्हणून लेकीने मला कामापुरते शब्द पढवले. त्यातला एक 'टेक ओव्हर'. शिकणारा घाबरला, की आपण गाडीचा ताबा घ्यायचा, ते टेक ओव्हर.

शब्द तोंडात बसला आणि मग जिकडेतिकडे भेटायला लागला. बातम्यांत मोठी कंपनी लहान कंपनीला टेक ओव्हर करत होती. लेक म्हणाली, ड्यूटी बदलताना नर्ससुद्धा तेच करते.

"म्हणजे हिसकावून घेणं, की सोपवलेलं घेणं?" मी विचारलं.

"दोन्ही."

"अगं, दरोड्याला आणि वारशाला एकच शब्द? मग कळायचं कसं?"

"समोरचा कसा सोडतोय ते बघायचं, बाबा."

हे उत्तर मला काही पचलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात घोळत होतं.

पुढच्या धड्याला लेक शिकवायला बसली आणि मी मागे, तिची परीक्षा घ्यायला. चढावर डॉक्टरीणबाईंनी गाडी बंद पाडली. ब्रेक घट्ट दाबून त्या ओरडल्या, "टेक ओव्हर, प्लीज!"

लेकीने आपला पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवला. दाबला नाही. बाईंना गाडी चालू करून ब्रेकवरचा पाय काढायला आणि क्लच हळूहळू सोडायला सांगत राहिली. गाडी वीतभर मागे सरकली, माझा जीव टांगणीला लागला. मग इंजिनाने ओढ घेतली आणि गाडी चढून गेली.

लेक आरशात बघून म्हणाली, "बाबा, तिथे ब्रेक नाहीये."

खाली पाहिलं, तर माझा दुखरा पाय मॅटवर रुतला होता. मी पुढे असतो तर केव्हाच ब्रेक दाबला असता आणि बाई तो चढ कधी शिकल्याच नसत्या. मला स्वतःचा राग आला, आणि लेकीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

उतरताना बाईंनी मला विचारलं, उद्या शिकवायला तुम्ही येणार का? मी लेकीकडे बोट दाखवलं आणि शब्द जुळवत म्हणालो, "शी टेक ओव्हर."

माझं इंग्रजी चुकलं की जागच्या जागी टोकणारी माझी लेक, तेव्हा काहीच बोलली नाही.