खरखरीचं मूळ

थोरला आजारी बापापाशी अडकला होता. धाकटे फोनवरून काळजी करून मोकळे झाले होते. तीन वर्षं बाहेरचं जग त्याच्यापर्यंत फक्त शॉर्टवेव्ह रेडिओतून यायचं, तेही खरखरीतून. त्यानं कॉइल नव्यानं गुंडाळली, कंडेन्सर बदलले, गच्चीवर तार ताणली, पण खरखर हटेना.

“माझ्यापेक्षा त्या डब्याची सेवा जास्त करतोस,” बाप टोमणा मारायचा.

आज त्यानं रेडिओ सेलवर लावून घरातली विजेवरची एकेक वस्तू बंद करून पाहिली. शेवटी बापाच्या ऑक्सिजनच्या मशीनचं बटण बंद केलं, आणि कुठल्याशा परक्या देशातली बाई कानाशी बसल्यासारखी स्वच्छ बोलू लागली. तो जरा जास्तच वेळ ऐकत राहिला.

“सापडली का रे खरखर?” बापानं धापा टाकत विचारलं.

“नाही, अण्णा,” तो म्हणाला आणि त्यानं मशीन पुन्हा चालू केलं.