करवतीवरचं पाणी

काकांच्या छातीचा फोटो स्वच्छ निघाला, हे सांगायला त्यांची मुलगी, आमची धाकटी, थेट कारखान्याच्या ऑफिसात आली.

"ताई, डॉक्टर म्हणाले, एकदम ठणठणीत! बाबा शंभरी गाठतात बघ."

"छान," मी बिलांवरून मान न उचलता म्हणाले.

माझे बाबा आणि काका, दोघे सख्खे भाऊ, याच कारखान्यात दगडाच्या फरशा कापायचे. ती धूळ बाबांच्या छातीत साचत गेली. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यानंतर परदेशातल्या गिऱ्हाइकाचा नवा नियम आला: फरशी कापणाऱ्याच्या जिवाची आणि आसपासच्या हवापाण्याची चौकशी झाल्याशिवाय माल उचलायचा नाही. मग छातीची तपासणी आली, प्रत्येक करवतीवर पाण्याचा नळ आला. धूळ जागच्या जागी बसू लागली. तो नळ दिसला की माझा जीव जळायचा. जरा आधी यायला त्याला काय धाड भरली होती?

काका मात्र नळ बंदच ठेवत. ओल्या दगडावर पेन्सिलची रेघ दिसत नाही, आणि काप चुकला की फरशी वाया. पाहणीच्या दिवशी तेवढं पाणी सोडायचं. मी टोकलं, तर हसले. "अगं, कोरड्यात हात बसलेला माझा. आता म्हातारपणी पोहायला शिकू?"

गिऱ्हाइकाकडून पाहणीला आलेल्या बाईंनी मालकांसमोरच मला विचारलं, "पाणी रोज सुरू असतं?"

मालक खिडकीबाहेर बघू लागले. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मनात आलं, कळू दे एकदा धाकटीलाही, धाप लागलेल्या बापाच्या पाठीला उशी लावून बसणं म्हणजे काय ते. इतक्या सहज आलं, की माझीच मला भीती वाटली.

"नाही," मी म्हणाले. "काका बंद ठेवतात. रेघ दिसत नाही म्हणून."

ओल्यातही दिसेल अशी खूण करायची सोय होईपर्यंत काकांची करवत बंद राहील आणि पगार चालू राहील, असं बाईंनी मालकांकडून कबूल करून घेतलं. काका कपडे झटकत निघून गेले.

संध्याकाळी धाकटी आमच्या दारातच कडाडली. "माझे बाबा हिंडतेफिरते आहेत, ते बघवत नाही ना तुला?"

"नाही बघवत," मी म्हणाले. "पण हिंडू देत."