शेपटीचा डाग

“थांबा, सुईबाई. तो डाग काढू नका.”

मोठ्या मॅडम असं म्हणेपर्यंत निम्मा डाग गेला होता.

संग्रहालयाच्या तळघरात, दिव्याखाली, दगडात मासा आडवा पडला होता. हे मासे केव्हाच नामशेष झालेले. डोक्या-छातीवर हाडांच्या ढाली, जणू चिलखत घालूनच जन्माला आले. ढालींवरचा दगड सुईनं टोकरून काढायचा, हे बाईंचं काम. मागचा भाग मऊ, तो सहसा उरत नाही. म्हणून ढालीमागं काही काळसर दिसलं की मळ समजून पुसायचं, हा तिथला शिरस्ता. मॅडमनीच घालून दिलेला.

मॅडमनी भिंग धरलं. उरलेल्या डागाला शेपटीचा काठ होता. बाईंवर त्या रागावल्या नाहीत. आपणच आधी बघायला हवं होतं, एवढं म्हणाल्या. बाईंनी सुई डबीत ठेवली.

घरी रंगारी आला होता. खुर्ची बाजूला सारून तो भिंतीपाशी उकिडवा बसला होता. त्या खुर्चीत बाईंचा नवरा बसायचा; टेकलेल्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग भिंतीवर उमटला होता. त्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. माणूस मोठा करडा. दिवसभर दगड घासतेस आणि घरी येऊन पुन्हा दगडालाच वाढतेस, असं स्वतःवरच बोलायचा. पण थंडीत बाईंची भेगाळलेली बोटं मांडीवर घेऊन तेल चोळायचा, तेही दार लोटून. देव एखाद्याला कवच देतो, ते आत काही मऊ ठेवलेलं असतं म्हणूनच.

रंगाऱ्यानं पॉलिश पेपर उचलला.

“तेवढं घासू नका,” बाई दारातूनच म्हणाल्या.

“तेलकट आहे, ताई. वरून रंग धरणार नाही.”

“मग नका लावू रंग.”

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. “आई, मीच सांगितलं त्यांना. मळ आहे तो.”

“मलाही मळच वाटला होता,” बाई म्हणाल्या आणि पिशवी न ठेवताच खाली बसल्या.

काय झालं ते सुनेला कळेना. ती सासूच्या हातांकडे बघत राहिली. मग रंगाऱ्याला म्हणाली, “राहू द्या तेवढं.”

भिंत विजोड दिसेल, मागाहून मला बोल लावू नका, असं बजावून त्यानं डाग सोडून रंग मारला.

संध्याकाळी रंग वाळल्यावर सुनेनं खुर्ची उचलली, डागाच्या बरोबर खाली आणून ठेवली, आणि पदरानं तिची बैठक पुसली. पाठ नाही पुसली.