विहीर तुमचीच

भाऊजी पुन्हा भिंतीशी आले होते. हातात पहार. वाकायचे, भिंतीच्या बुडाशी टोचायचे, कान द्यायचे, पाऊलभर सरकायचे, पुन्हा टोचायचे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी बघत होती. अख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. पुढच्या खोलीत मशीन टाकून ती गल्लीचे कपडे उसवून-शिवून द्यायची. भाऊजी तिचे चुलत दीर, बस डेपोतून निवृत्त झालेले मेस्त्री. भिंतीच्या अलीकडे ती, पलीकडे ते.

"अहो, बघा तरी. बांध कोरतायत."

नवऱ्याने बाहेरच्या खोलीतूनच उत्तर दिलं. "बांध कुठला आता? भिंत आहे ती."

"कोरणाऱ्याला भिंत काय नि बांध काय! घराण्याची खोड असते एकेक."

"कुठल्या घराण्याची?"

हे त्याने जरा जपूनच विचारलं. पण तिचं लक्ष पहारीवर होतं.

*

बांध कोरणं म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, कारण आता या भागात नांगर कुणी पाहिलेला नाही. दोन शेतांच्या मधे बांध. नांगरताना फाळ बोटभर बांधात घालायचा. बोटभरच. कोण बघतंय? पुढच्या हंगामाला आणखी बोटभर. आपल्या बाजूने खरवडायचं, पलीकडच्या बाजूला माती लोटायची. बांध जागच्या जागी दिसतो आणि चालत असतो.

मग शहर आलं. एकदम नाही आलं. आधी वीटभट्टी, मग गोदामं, मग गोदामांतल्या माणसांसाठी खोल्या, मग खोल्यांतल्या माणसांसाठी बस. तीन गावांच्या मधे शेतं होती. ती भरत गेली आणि तू कुठल्या गावचा, हे विचारण्यात अर्थ उरला नाही. एका पाटीवर तिन्ही गावं बसली: उपनगर. पण रस्ते झाले ते बांधांवरूनच, कारण बांधासाठी कुणी रडत नाही. अजूनही बस पेट्रोल पंपापाशी उगीच मुरका मारते. समोर काही नसतं. तिथे कधीतरी कुणाचा गहू होता. ड्रायव्हर त्या गव्हाला वळसा घालतो, त्याला ठाऊकही नसतं.

या दोन घरांच्या बांधालगतही एक विहीर होती. वहिनीचे सासरे म्हणायचे, आमच्या बाजूला. भाऊजींचे वडील म्हणायचे, आमच्या. सख्खे भाऊ, पण विहिरीपायी एकमेकांच्या घरच्या मयतालाही जायचे नाहीत इथवर आलं. शेवटी गावातली जाणती माणसं बांधावर उभी राहिली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं: विहीर सासऱ्यांच्याच बाजूला. सासरे महिनाभर मिशीला पीळ देत हिंडले. पुढे नळ आले, विहीर राडारोड्याने बुजवली, बांधाच्या जागी भिंत, भिंतीच्या दोन्ही अंगांना घरं. वहिनी लग्न करून आली ती या घरात. विहीर नेमकी कुठे होती, हे ना कुणी दाखवलं, ना तिने विचारलं.

*

भेग.

स्वयंपाकघराच्या फरशीला. आधी केसाएवढी, मग सुईएवढी, मग बोट जाईल एवढी. कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. वहिनीचा हिशोब सरळ होता: पलीकडून पहार, अलीकडे भेग.

आणि मग पालिकेची इंजिनियर दारात. डोक्याला पिवळं हेल्मेट, चपलांना सिमेंट.

"बोलावलं कुणी तुम्हाला?"

"भिंत कलली आहे, अशी तक्रार आली."

वहिनीने भिंतीवरून पलीकडे बघितलं. भाऊजी बघत होतेच.

"इथे जुनी विहीर होती म्हणतात," इंजिनियर म्हणाली. "ती खचतेय. ज्या घराखाली असेल ते घर आजच रिकामं करायचं. पाडावंच लागेल बहुतेक. कुठे होती?"

गल्ली गोळा झाली होती. कुणी चहाचा कपही हातात घेऊन आलं होतं.

"त्यांची होती," वहिनी म्हणाली.

"आमची?" भाऊजी. "वहिनी, माझा बाप आमची-आमची म्हणत गेला, तेव्हा तुमच्या घरात हसत होते!"

"मामंजींचं चुकलं असेल. तुमचे वडील देवमाणूस. ते कशाला खोटं बोलतील?"

"आत्ता देवमाणूस झाला होय!"

गल्ली हसली. वहिनीलाही हसू फुटलं असतं, पण पायाखाली तिचं घर होतं.

"बाबा खोटं बोलत नव्हते," भाऊजींचा आवाज खाली आला. "जाणत्यांनीही खोटं सांगितलं नाही. त्या दिवशी विहीर तुमच्याच बाजूला होती. विहीर हलली नव्हती, वहिनी. बांध हलला होता."

"काहीतरीच! कोरण्याची सवय तुम्हाला. रोज बघते मी."

"मी आमचीच जमीन टोचतोय. पोकळ लागते का बघायला. कुठेच लागत नाही." त्यांनी पहार गल्लीकडे रोखली. "ती गल्लीही याच बांधावरची. तिथल्या शेतांत तो कुणी कोरला नाही, म्हणून सरळ आली. आता भिंतीला तिच्या रेषेत लावून बघा."

वहिनीने बघितलं. शिवणाऱ्या बाईचा डोळा. वाकडी शिवण लगेच दिसते. गल्ली नाकासमोर येत होती, आणि भिंत मात्र भाऊजींच्या अंगाला सरकून उभी होती. मधल्या पट्ट्यात तिचं स्वयंपाकघर होतं.

"द्या इकडे," ती म्हणाली आणि पहार घेऊन आत गेली.

भेगेत टोक घातलं आणि जोर केला. जोर लागलाच नाही. धान्याच्या पोत्यात हात जावा तशी पहार आत गेली. सावरायला तिने ओटा धरला.

मागे वळली तर उंबऱ्याबाहेर नवरा. आत आला नव्हता. आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत हा माणूस इथे कधी बसला नाही. ताट बाहेर, पाणी बाहेर, हाकासुद्धा बाहेरून. तिला वाटायचं, पुरुषी तोरा.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"लहान होतो गं मी. बाबांच्या नांगरामागे चालायचो."

"फरशी घातली तेव्हाही लहान होतात?"

त्याने भिंतीकडे बघितलं. "बाबा म्हणाले, घट्ट बुजवलीय. खचणार नाही."

"मग तुम्ही का नाही बसलात कधी?"

तो उंबऱ्यापासून पाऊलभर मागे सरकला. दारातून इंजिनियर म्हणाली, "बाई, बाहेर या आधी. विहीर इथेच का?"

"इथेच," वहिनी म्हणाली. भाऊजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग भिंतीला पाठ लावून, कडेकडेने ती उंबऱ्यापर्यंत आली आणि नवऱ्याच्या समोर उभी राहिली.

"भांडी तुम्ही काढा. कुठे पाय द्यायचा आणि कुठे नाही, ते तुम्हालाच ठाऊक."