निळी ओळ

खिशात फोन टुणकन वाजला तेव्हा महिपतच्या बोटांखाली जनीची नाडी होती. लोंबीतला दाणा झडून गेल्यावर उरते तसं पोरीचं मनगट हलकं झालं होतं. ते सोडून त्याने घाईघाईने फोन काढला आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

'आपल्या रुग्णाचा तपासणी अहवाल तयार आहे. पाहण्यासाठी खालील ओळीवर दाबा.'

खाली निळ्या अक्षरांची एक ओळ होती.

खळ्यात भात पाखडणाऱ्या भागीचं सूप हवेतच थांबलं. "आला काय, महिपतदादा?"

"आला गो, आला!"

त्याने अंगठा टेकवला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. जनी आईच्या अंगाला लागून उभी राहिली. खोकला आला तो तिने ओढणीत दाबला. मग गोल थांबला आणि लाल चौकटीत अक्षरं उमटली: 'तुम्ही फसलात. घाबरू नका, हा सराव होता. आरोग्य माहितीच्या सुरक्षेवरील संशोधनात सहभागी झाल्याबद्दल आभार.'

महिपतने ते पुन्हा वाचलं.

"काय लिवलंय? कंच्या गोळ्या लागू पडतील, ते लिवलंय ना?"

"नाय गो. दुसऱ्याच कुणाचा हाय," असं म्हणून त्याने फोन खिशात पालथा टाकला.

भागीने सूप पुन्हा हलवायला घेतलं. पाखडताना ती नेहमी काहीतरी गुणगुणायची. आत्ताही तिच्या ओठांवर आलं,

आला आला गं निरोप, वळणावरून वळला
माझ्या दाराचा उंबरा, त्याला कुणी नाय दावला

महिपत वाडीची उतरण उतरला तरी ते शब्द पाठीमागून येतच राहिले.

टोकावड्याच्या ट्रस्टच्या दवाखान्यात महिपत नोकरीला लागला तेव्हा त्याचे केस काळे होते. काम एकच होतं. टीबीच्या गोळ्या घेऊन डोंगराच्या अंगाच्या वाड्या चढायच्या, रोग्याला पाणी देऊन समोरच गोळी गिळवायची, थुंकीच्या डब्या बर्फात ठेवून आणायच्या आणि कल्याणच्या एसटीत कंडक्टरच्या पायाशी ठेवून द्यायच्या. "सांभाळून रे, पेशंट बसलाय तिथं," तो कंडक्टरला सांगायचा.

जनी उन्हाळ्यापासून गोळ्या घेत होती. एकही चुकवली नव्हती, तरी खोकला हटत नव्हता. म्हणून डॉक्टरबाईंनी तिचा नमुना मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला होता. कोणतं औषध चालेल ते तिथून कळल्याशिवाय गोळ्या बदलता येत नव्हत्या. रिपोर्ट यायचा होता महिपतच्याच फोनवर, कारण डबीवर नंबर त्याचा होता. आणि त्रिपुरी पुनवेनंतर वाडीत वीटभट्टीचा ट्रक येणार होता. एकदा ट्रकात बसलं की माणसं भिवंडीकडे जातात, वाशिंदकडे जातात, कुठेही जातात. मुकादमाखेरीज कुणाला ठावठिकाणा नसतो.

म्हणून दसऱ्यापासून महिपतचा जीव त्या फोनमध्ये अडकला होता. जेवताना फोन ताटाशेजारी, अंघोळीला गेला तर मोरीच्या कट्ट्यावर. प्रयोगशाळेत फोन केला की एक मुलगी म्हणायची, "मेसेज येईल, काका." हल्ली तर नुसतं गाणंच वाजत राहायचं.

त्या खोट्या मेसेजच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीत सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर चादर लावली होती, तिच्यावर अक्षदाने आलेख दाखवला. वाशिंदची ही मुलगी दोन गाईडच्या हाताखाली पीएचडी करत होती. एक गाईड डॉक्टर, दुसरे संगणकातले. लहान दवाखान्यांतल्या फोनवरून रोग्यांची माहिती कशी फुटते आणि काय शिकवलं तर ती थांबते, हा तिचा विषय. सराव म्हणून खोटे मेसेज येतील, याला सगळ्यांनी आधीच सही करून होकार दिला होता. महिपतनेही दिला होता आणि तो विसरून गेला होता.

"कोण फसलं ते नावानिशी सांगायचं नसतं," अक्षदा म्हणाली.

"सांगायला कशाला पायजे?" सारिका सिस्टर पदराआडून हसली. "महिपतदादांचं तोंड बगा. एरंडेल प्यायल्यागत झालंय."

सगळे हसले. महिपतही हसला, पण त्याचे कान तापले होते.

अक्षदा गंभीरपणे सांगत होती. एका शहरातल्या दवाखान्यात कुणीतरी अशाच एका ओळीवर दाबलं आणि सगळे संगणक कुलूप लागल्यासारखे बंद पडले. ऑपरेशनला आणलेली माणसं स्ट्रेचरवर तशीच पडून राहिली, कुणाला कसलं औषध चालू आहे ते कळेना. बोलताना तिचा आवाज कापला. तिची आत्या त्या स्ट्रेचरवर होती, हे ती ओसरीत बोलली नाही. महिपतला मात्र ते माहीत होतं. मागच्या महिन्यात त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ती जनीच्या वाडीला आली होती, तेव्हा चढणीवर दोघं बरंच बोलले होते.

बैठक मोडल्यावर तो तिच्याजवळ गेला.

"बाय, एक इचारू? फोन वाजला की मला जनीचा रिपोर्टच वाटतो, हे मीच तुला सांगितलं व्हतं ना?"

अक्षदा वायर गुंडाळायची थांबली. "हो, काका."

"त्याच्यावरनंच केलंस?"

"लॉटरीचा मेसेज पाठवला होता आधी, साडीचा पाठवला, वीजबिलाचा पाठवला. तुमच्याकडे कुणी भुललंच नाही." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "फसवणारा माणूस असंच करतो, काका. तुमचा जीव कशात आहे ते आधी बघतो."

"बराबर हाय," महिपत म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बराबर हाय गो."

ती खरंच बरोबर होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं होतं. मग तिने नियम समजावले तेव्हा त्याने शाळेतल्या पोरासारखे ऐकले. अनोळखी नंबर असला तर दाबायचं नाही. ऑफिसात विचारायचं. शंका आली तर उडवून टाकायचं. निघताना ती म्हणाली, "थोड्या दिवसांनी अजून एक पाठवू. कधी ते सांगणार नाही हं."

मेसेज आला तेव्हा तो टोकावड्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होता.

'नमुना तपासणी पूर्ण. अहवालासाठी येथे दाबा.' आणि निळी ओळ. नंबर अनोळखी होता.

अंगठा आपसूक उचलला गेला. मग त्याने तो मुठीत घेतला. लाल चौकट डोळ्यांसमोर आली, सारिकाचं हसणं आलं आणि त्या सगळ्याच्या वर भागीचं हवेत थांबलेलं सूप आलं. पुन्हा तिच्यासमोर 'आला' म्हणून 'दुसऱ्याचा हाय' म्हणायचं? तो तडक दवाखान्यात गेला. ऑफिसात प्रणय पावत्या लावत बसला होता.

"बग रे हे. खरं का खोटं?"

प्रणयने मान वाकडी करून पाहिलं. "लॅबचा जुना नंबर हाय का हा?"

"नाय."

"मंग अक्षदा मॅडमचाच. परत टाकनार म्हनल्याच व्हत्या. उडवा दादा, यंदा पास व्हाल."

महिपतने तो उडवला. पायातला काटा काढून फेकावा तसं त्याला वाटलं. बाहेर येऊन त्याने सारिकालाही सांगितलं, "आज नाय फसलो." ती म्हणाली, "चहा पाजा मंग!" आणि त्याने पाजला.

पुनव झाली. ट्रक आला. जनीच्या बापाने, देवजीने, दोन दिवस त्याला थोपवून धरलं. "महिपतदादा येल, कागद घेऊन येल," असं मुकादमाला सांगत राहिला. मग मुकादमाने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. महिपत वाडीत पोहोचला तेव्हा झोपडीच्या दाराला तारेचा पीळ घातलेला होता. ओट्यावर भागीने सूप उपडं घालून ठेवलं होतं.

पंधरवड्याने अक्षदा आली. महिपत पायरीवर बसला होता. तिला बघून त्याने मुद्दाम हसरा चेहरा केला.

"बाय, दुसऱ्या वक्ताला नाय फसलो हां. लिवलंस ना?"

"दुसऱ्या?" तिने बॅग खाली ठेवली. "आम्ही दुसरा अजून पाठवलाच नाही, काका. परवानगी अडकलीय."

अंगणात कोंबडी पाचोळा उकरत होती.

अक्षदाला कळायला क्षण लागला. मग तिने फोन काढून प्रयोगशाळेचा नंबर लावला. गाणं वाजत राहिलं, तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी कुणीतरी उचललं. हो, रिपोर्ट केव्हाच गेलाय. नवीन नंबरवरून गेलाय, आमची यंत्रणा बदलली. परत पाठवू?

परत आला. तोच नंबर, तीच निळी ओळ. नमुन्यावरचा आकडा डॉक्टरबाईंनी तिथल्या माणसाकडून ताडून घेतला आणि रिपोर्टमधलं सगळं फोनवरच ऐकलं. जुन्या गोळ्या जनीला लागूच पडत नव्हत्या. दुसऱ्या लागू पडणार होत्या, बरेच महिने घ्यायच्या, पण बरं करणाऱ्या. बाई म्हणाल्या, "मुलीला आणा आधी. भरती करून चालू करू."

महिपतने बॅग खांद्याला लावली. अक्षदा न विचारता मागे बसली.

मुरबाड गेलं. शहापूरच्या रस्त्याला दोन्हीकडे कापलेली शेतं, त्यांत उभी राहिलेली पेंढ्याची उडवी. महिपत एवढ्या जोरात गाडी कधी हाणत नसे. भातसा नदी ओलांडली तेव्हा अक्षदा वाऱ्यात ओरडून म्हणाली, "काका, मी तो पहिला मेसेज अभ्यासातून काढून टाकते."

"नको काढू."

"माझ्यामुळेच झालं ना हे?"

"नंबर बदलला तो तू नाय बदललास. उडव म्हनला तो प्रणय. उडवला मी." थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "दोनी लिव. दाबलं तेबी लिव, नाय दाबलं तेबी लिव. पुढं कुणी वाचंल."

तिचं कपाळ क्षणभर त्याच्या पाठीला टेकलं. रस्ता खराब होता म्हणूनही असेल.

पहिल्या भट्टीवर वाडीतलं कुणी नव्हतं. दुसरीवर मुकादमाने कुत्रा अंगावर सोडला. तिसरी अक्षदाला माहीत होती. वाशिंदला तिच्या घराच्या गच्चीवरून जिचा धूर दिसायचा, तीच. लहानपणापासून तो धूर बघत मोठी झालेली ती आज पहिल्यांदा त्या वाटेवर पाय टाकत होती.

उन्हं उतरली होती. ओल्या विटांच्या ओळी जमिनीवर लांबवर पसरल्या होत्या. त्यांच्यामध्ये वाकून एक पोरगी वीट वाळायला उभी करत होती. एक वीट उभी केली की थांबत होती, मग दुसरी.

"जने!"

जनी वळली. चेहऱ्यावर राख होती, आणि राखेखाली चेहरा आणखी लहान झाला होता. ती धावत आली नाही. तिथूनच तिने विचारलं, "आला?"

महिपतने मान डोलावली. आता त्याला 'आला' म्हणणं जमेना. त्याने फोन काढून तिच्यापुढे धरला. "तू दाब. तुजाच हाय."

जनीने हात पोलक्याला पुसले, तरी माती निघाली नाही. तिने निळ्या ओळीवर अंगठा टेकवला. गोल फिरला, थांबला आणि रिपोर्ट उघडला. वर तिचं नाव होतं. शाळेत जाऊन आलेली पोर होती, तिने ते हळूहळू वाचलं. अंगठ्याचा मातकट ठसा काचेवर तसाच राहिला.

"घरी जायचं?" तिने विचारलं.

"दवाखान्यात. आजच. मंग घरी."

झोपडीतून देवजी आणि भागी आले. भागीने लेकीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग महिपतकडे. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "लई वाट बगितली, दादा," एवढंच ती म्हणाली.

"माजी चूक झाली, भागीबाय."

ती काही उत्तर देणार होती, पण तोंड फिरवून तिने पदर ओठांवर दाबला आणि खोकली. आत लांब कुठेतरी दगड घरंगळावा तसा तो खोकला होता. खोकून झाल्यावर ती कसनुशी हसली. "धूळ हाय इथली. दुसरं काय नाय."

अक्षदाने महिपतकडे बघितलं. महिपत आधीच उकिडवा बसला होता. त्याने बॅगेतून एक कोरी डबी काढली, झाकण घट्ट आहे का ते पाहिलं आणि पेन झटकून, गुडघ्यावर डबी टेकवून, तिच्यावर सावकाश नाव लिहिलं. भागी. त्याच्याखाली, नंबर लिहायच्या जागी, त्याने आपला नंबर लिहिला.